तो हौसेनं आला होता

अमेरिकेत ओहायो राज्यातल्या कँटन गावी व्यावसायिक अमेरिकन फुटबॉलचं मोठं संग्रहालय आहे. तिथल्या ढाली, जर्सी आणि पुतळ्यांच्या गर्दीत जमाखर्चाचा एक साधा कागद जपून ठेवलेला आहे. ॲलेगेनी ॲथलेटिक असोसिएशन या हौशी क्लबच्या एका सामन्याचा तो हिशेब. तारीख १२ नोव्हेंबर १८९२. वर जमा, खाली खर्च. मैदानाचं भाडं, पाहुण्या संघाला दिलेली रक्कम, खेळाडूंचा प्रवास, असं सगळं ओळीनं लिहिलेलं आहे आणि त्यात एक ओळ अशी आहे: सामन्यातल्या कामगिरीबद्दल डब्ल्यू. हेफेलफिंगर यांना, खेळण्यासाठी, रोख ५०० डॉलर.

व्यावसायिक अमेरिकन फुटबॉलचा जन्मदाखला म्हणून हा कागद ओळखला जातो. क्लब मात्र हौशी होता. पैसे घेऊन खेळणं हा त्याच्या नियमांत गुन्हा होता, आणि गुन्ह्याची नोंद खजिनदारानं स्वतःच्या हातानं करून ठेवली.

या ओळीनं मला झोपू दिलं नाही, कारण मीही खजिनदार आहे. आमच्या गावच्या क्रीडा मंडळाचा हिशेब गेली अकरा वर्षं मी लिहितो. दरवर्षी थंडीत आमच्याकडे तीन रात्री कबड्डीच्या स्पर्धा होतात. वर्गणी, पावती पुस्तकं, फ्लेक्सवरच्या जाहिराती, मंडप, दिवे, पंचांचं मानधन, जेवणावळ, चषक, रोख पारितोषिकं, सगळं मी पै-पैशानिशी लिहितो. फक्त एक खर्च मी कधीच त्याच्या नावानं लिहिला नाही. आमच्या संघातून खेळायला बाहेरगावाहून जे दोन-तीन चांगले गडी येतात, त्यांना पाकीट दिलं जातं. ते माझ्या वहीत "किरकोळ खर्च" या सदरात जातं. अकरा वर्षांचे किरकोळ खर्च.

आता तो ॲलेगेनी क्लब काय होता ते सांगतो, कारण एका हौशी क्लबाचा हा इतिहास आपल्या तालुक्या-जिल्ह्यांतल्या मंडळांना आरसा दाखवावा इतका जवळचा आहे.

ॲलेगेनी हे तेव्हा पिट्सबर्गच्या समोर, नदीपलीकडचं स्वतंत्र शहर होतं. १९०७ मध्ये ते पिट्सबर्गमध्ये विलीन झालं. असोसिएशन स्थापन झाली १८९० मध्ये आणि त्याच वर्षी तिनं फुटबॉलचा संघ उतरवला. हा फुटबॉल म्हणजे आपल्याकडे कोल्हापुरात किंवा गोव्यात खेळतात तो नव्हे. चेंडू हातात घेऊन पळायचं आणि समोरच्यानं अंगावर जाऊन पाडायचं, असा तो खेळ. कबड्डी पाहिलेल्या माणसाला त्याचा गाभा लगेच कळतो. एक घुसतो, बाकीचे त्याला धरतात. क्लबात मंडळी सुखवस्तू होती, कॉलेजात शिकलेली. येल विद्यापीठात खेळून आलेला ओ. डी. थॉम्पसन हा संघाच्या कारभाऱ्यांपैकी एक.

नदीच्या अलीकडे पिट्सबर्ग ॲथलेटिक क्लब. दोन्ही क्लबांचं हाडवैर. गावोगावी दोन आळ्यांत असतं तसं. पिट्सबर्गकडे विल्यम किर्श्नर नावाचा दांडगा खेळाडू होता आणि तो क्लबचा पगारी व्यायामशिक्षकही होता. शिक्षकाला पगार द्यायला नियमाची आडकाठी नव्हती. ॲलेगेनीवाल्यांची तक्रार अशी की फुटबॉलचा हंगाम आला की या गुरुजींचा पगार वाढतो आणि तास कमी होतात. म्हणजे पगार कशाचा होता हे उघड होतं, फक्त कागदावर ते वेगळं दिसत होतं. पुढे २१ ऑक्टोबर १८९२ च्या सामन्यात पिट्सबर्गकडून "स्टेयर" नावाचा एक अनोळखी गडी खेळला. सामना ६–६ असा बरोबरीत सुटला आणि मग कळलं की हा स्टेयर म्हणजे पेन स्टेट कॉलेजच्या संघाचा कप्तान रीड. खोट्या नावानं आलेला.

आपल्याकडे कबड्डी किंवा क्रिकेटच्या स्थानिक स्पर्धा भरवणाऱ्या कुणालाही यात नवल वाटणार नाही. आधार कार्डाची झेरॉक्स मागायची पद्धत आपल्याकडे उगाच पडलेली नाही.

पुन्हा सामना ठरला १२ नोव्हेंबरला, ॲलेगेनीच्या रिक्रिएशन पार्कात. त्याच सुमाराला शिकागो ॲथलेटिक असोसिएशनचा संघ दौऱ्यावर होता आणि त्यात विल्यम हेफेलफिंगर खेळत होता. लोक त्याला "पज" म्हणत. मिनियापोलिसचा हा चोवीस वर्षांचा उंचापुरा गडी. येलकडून खेळताना १८८९, १८९० आणि १८९१ अशी सलग तीन वर्षं त्याची देशातल्या सर्वोत्तम अकरा जणांत निवड झाली होती. शिक्षण संपल्यावर तो ओमाहात रेल्वेच्या कचेरीत नोकरी करत होता आणि रजा काढून दौऱ्यावर आला होता. पिट्सबर्ग क्लबानं त्याला आणि आणखी एकाला प्रत्येकी २५० डॉलर देऊ केल्याची कुजबूज होती. ॲलेगेनीनं दुप्पट मोजले. वर प्रवासखर्च २५ डॉलर. त्याच्याबरोबर शिकागो संघातले आणखी दोघे, बेन डोनेली आणि एड मॅली, आले. त्यांना नुसता खर्च मिळाला.

सामन्याच्या दिवशी थंडी कडाक्याची होती, बर्फ पडलं होतं. ॲलेगेनीचा संघ मैदानात उतरला आणि पिट्सबर्गवाल्यांनी हेफेलफिंगरला ओळखलं. त्यांनी खेळायलाच नकार दिला. लोकांनी सामन्यावर मोठ्या पैजा लावल्या होत्या. वाद बराच वेळ चालला. शेवटी सगळ्या पैजा रद्द करायच्या आणि सामना नुसता प्रदर्शनीय म्हणून खेळवायचा, यावर तडजोड झाली. उजेड कमी उरल्यामुळे प्रत्येक डाव तीस मिनिटांचा करावा लागला. पहिल्याच डावात हेफेलफिंगरनं समोरच्या गड्याला असा धक्का दिला की त्याच्या हातून चेंडू सुटला. तो उचलून हा गोलरेषेपर्यंत धावत गेला. तेव्हा टचडाउनला चार गुण मिळत. सामना ४–० असा संपला.

बक्षीस, प्रवास, मैदान, सगळा खर्च वजा जाता त्या दिवशी असोसिएशनकडे ६२१ डॉलर शिल्लक उरले. माझ्यातल्या खजिनदाराला सगळ्यात जास्त विचार करायला लावतो तो हा आकडा. एका खेळाडूला ५०० डॉलर देऊनही सामना फायद्यात गेला. गर्दी त्याच्यामुळे आली, निदान मोठ्या प्रमाणात. पैसा खेळातच होता, खेळाडूच्या अंगावरच्या मेहनतीतून आलेला होता. तो कुणाच्या खिशात जावा एवढाच प्रश्न होता, आणि हौशी म्हणवणारा नियम सांगत होता की खेळाडूच्या खिशात सोडून कुठेही गेला तरी चालेल.

त्या ५०० डॉलरांचं मोल कळायला पिट्सबर्गपासून काही मैलांवर पाहावं लागतं. होमस्टेड हे पोलादाच्या कारखान्याचं गाव. त्याच वर्षी, ६ जुलैला, तिथे संपकरी कामगार आणि बोटींतून आणलेले पिंकर्टन या खासगी कंपनीचे तीनशे भाडोत्री पहारेकरी यांच्यात रक्तरंजित चकमक झाली. संप मोडायला राज्याची फौज आली. नोव्हेंबरच्या त्या सामन्यानंतर सुमारे आठवड्याभरानं कामगारांनी हार मानली. तिथल्या अकुशल मजुराला तासाला सुमारे १४ सेंट मिळत आणि दिवस बारा तासांचा असे. म्हणजे दिवसाला १ डॉलर ६८ सेंट. हेफेलफिंगरला एका दुपारी मिळालेले पैसे मिळवायला त्या मजुराला जवळपास तीनशे दिवस भट्टीपुढे उभं राहावं लागलं असतं. हा आकडा ऐकून कुणी म्हणेल, मग खेळाडूला एवढे पैसे देणंच चूक. मला त्यातून वेगळंच दिसतं. असा मजूर शनिवारी दुपारी काम सोडून सरावाला येऊच शकत नव्हता. हौशी खेळ हा ज्याला मजुरी बुडवणं परवडतं त्याचाच खेळ होता.

हा योगायोग नव्हता. हौशीपणाची ही कल्पना इंग्लंडातून आली. १८६६ मध्ये लंडनच्या ॲमेच्युअर ॲथलेटिक क्लबानं हौशी कोण याची व्याख्या केली, तेव्हा कारागीर आणि मजूर यांना त्यातून सरळ वगळलं होतं. पैसे घेतले की नाही हा मुद्दा नंतरचा, हातानं काम करणारा असणं हाच दोष. पुढे ते कलम १८८० मध्ये गेलं, पण कल्पना गेली नाही. उत्तर इंग्लंडातले रग्बी क्लब खाणी आणि गिरण्यांतल्या कामगारांच्या जिवावर चालत. खेळायला गेल्यामुळे बुडालेल्या मजुरीची भरपाई तरी द्या, एवढीच त्यांची मागणी होती. तीही नाकारली गेली. २९ ऑगस्ट १८९५ ला हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात बैठक भरली आणि ते क्लब वेगळे झाले. रग्बीची दोन शकलं झाली ती आजही दोनच आहेत. बुडालेला खाडा भरून देण्यावरून एवढं महाभारत. ज्यांच्या घरात खाड्याचा हिशेब कधी झाला नाही त्यांनी तो नियम केला होता.

आपल्या भाषेत या कल्पनेला "हौशी" हा शब्द बसला. शब्द फार गोड आहे. हौसेला मोल नाही, असं आपण म्हणतो आणि बरोबरच म्हणतो. पण या म्हणीचा अर्थ हौस करणाऱ्यानं किंमतीकडे बघू नये असा आहे. दुसऱ्याच्या हौसेची किंमत आपण देऊ नये, असा तो कधीच नव्हता. आपल्या जुन्या कलांत आणि खेळांत पैशाला कुणी लाजत नव्हतं. कीर्तनकाराला बिदागी असते. ती घेतली म्हणून त्याची भक्ती कमी झाली असं कुणी म्हणत नाही. वाजंत्र्यांना सुपारी दिली जाते. नाटकातल्या नटाला प्रत्येक प्रयोगाची "नाईट" मिळते. आणि कुस्ती तर इनामाचीच. फडात एक नंबरची कुस्ती किती रुपयांची, हे भोंग्यावरून पुकारलं जातं, सगळ्या पंचक्रोशीला कळतं. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात मल्लांना आश्रय दिला, खुराक दिला, खासबागेचं मैदान उभं केलं. त्या मल्लांच्या कुस्तीप्रेमावर कुणी संशय घेतला नाही.

आणि खाशाबा जाधवांची गोष्ट तर प्रत्येक मराठी माणसाला ठाऊक आहे, पण तिच्यातला पैशाचा धागा आपण नीट पाहत नाही. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला निघाला तेव्हा पैशांची जुळवाजुळव लोकांकडून करावी लागली. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण टाकून सात हजार रुपये दिले. खाशाबांनी कांस्यपदक आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. परत आल्यावर कुस्त्यांचे सामने भरवून, त्यांत स्वतः लढून, मिळालेल्या पैशातून त्यांनी सरांचं घर सोडवलं, असं सांगितलं जातं. मला ही गोष्ट पदकाइतकीच मोलाची वाटते. जगाला हौशीपणाचे धडे देणाऱ्या त्या काळच्या ऑलिंपिक चौकटीत, पैसे घेऊन लढणं हा डाग होता. गुरूचं घर मात्र त्याच पैशानं सुटलं.

हा डाग किती क्रूरपणे लावला जाई हे जिम थॉर्पच्या बाबतीत दिसलं. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये त्यानं पेंटॅथलॉन आणि डेकॅथलॉन अशी दोन सुवर्णपदकं जिंकली. मूळ अमेरिकन आदिवासी समाजातला हा मुलगा. दोन-तीन वर्षांपूर्वी सुट्टीत उत्तर कॅरोलिनात तो किरकोळ पैशांवर बेसबॉल खेळला होता, एवढं कारण काढून त्याची पदकं काढून घेतली. त्या काळी कितीतरी कॉलेजची मुलं असं खेळत, पण टोपणनावानं. थॉर्प स्वतःच्या नावानं खेळला, म्हणून सापडला. ज्यानं लपवलं तो सुटला. १९५३ मध्ये तो वारला. पदकांच्या प्रतिकृती त्याच्या मुलांच्या हाती पडायला १९८३ उजाडलं, आणि त्या दोन्ही स्पर्धांचा एकमेव विजेता म्हणून त्याचं नाव पुन्हा लागायला २०२२. हाच थॉर्प १९२० मध्ये अमेरिकेतल्या ज्या व्यावसायिक फुटबॉल संघटनेचा पहिला अध्यक्ष झाला, ती पुढे एन.एफ.एल. म्हणून जगाला माहीत झाली.

ॲलेगेनीच्या बाबतीत बोलायचं तर लपवाछपवीनं कुणाचंच भलं केलं नाही. हेफेलफिंगर १९५४ मध्ये वारला तेव्हाही लोकांच्या लेखी तो हौशीच होता. १८९५ मध्ये लट्रोब गावच्या संघाकडून दहा डॉलर आणि खर्च घेऊन खेळलेला जॉन ब्रॅलियर हाच पहिला व्यावसायिक खेळाडू, असं कित्येक वर्षं मानलं गेलं, कारण त्यानं ते लपवलं नाही. ब्रॅलियर पुढे दातांचा डॉक्टर झाला. १९६० च्या दशकात एक अभ्यासक पिट्सबर्ग स्टीलर्स या व्यावसायिक फुटबॉल संघाच्या कचेरीत टंकलिखित बाड घेऊन आला, त्यातून शोध सुरू झाला आणि खजिनदाराची ती ओळ उजेडात आली. सत्तर वर्षं ती वहीत पडून होती. स्टीलर्सचं आजचं स्टेडियम आहे ते जुन्या ॲलेगेनी शहराच्याच हद्दीत.

१८९२ नंतर पैसा थांबला नाहीच. १८९३ मध्ये ॲलेगेनीनं तीन खेळाडूंना दर सामन्याला ५० डॉलर दिले. त्याच वर्षी पिट्सबर्ग क्लबानं एका खेळाडूशी अख्ख्या हंगामाचा लेखी करार केला. आजवर सापडलेला असा पहिलाच. इतर हौशी क्लबांनी तर वेगळीच युक्ती काढली होती. खेळाडूला बक्षीस म्हणून घड्याळ द्यायचं, त्यानं ते गहाणवटदाराकडे ठेवून पैसे उचलायचे, आणि तेच घड्याळ फिरून पुढच्या सामन्याला पुन्हा बक्षीस. घड्याळ घेणं नियमात बसत होतं. पैसे घेणं बसत नव्हतं.

शेवटी हौशी खेळांच्या राष्ट्रीय संघटनेनं, ए.ए.यू.नं, ॲलेगेनीची चौकशी केली आणि तिला कायमचं बाहेर काढलं. तेव्हा त्या मंडळींनी जे केलं त्याचं मला कौतुक वाटतं. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. १८९६ च्या नोव्हेंबरात त्यांनी सबंध संघ उघडपणे पैसे देऊन उभा केला. प्रत्येकाला सामन्याला १०० डॉलर आणि खर्च. हेफेलफिंगर पुन्हा आला. लागोपाठ दोन दिवशी दोन सामने झाले. ड्यूकेन क्लबाला १२–० आणि जुन्या वैऱ्याला, पिट्सबर्गला, १८–० असं हरवलं. आणि संघ कायमचा विसर्जित झाला.

इथे माझ्या विरोधात बोलणाऱ्यांना आयता मुद्दा मिळतो, आणि तो मी टाळणार नाही. पैसा आला आणि क्लब मेला, असं ते म्हणतील. त्यात तथ्य आहे. पैशांची चढाओढ सुरू झाली की स्थानिक पोरं बाकावर बसतात आणि बाहेरचे गडी ढाल उचलतात. होमस्टेडच्या क्लबानंही १९०० आणि १९०१ मध्ये एका धनिकाच्या जोरावर देशभरातले गडी गोळा केले, सामने जिंकले, आणि तोट्यात बुडून ते थांबले. आमच्या भागातही एका मंडळानं एका वर्षी अख्खा संघ बाहेरून आणला, चषक जिंकला. गावातल्या एकाही पोराचा त्या चषकाला हात लागला नाही. पुढच्या वर्षी सरावाला पाच जणसुद्धा येईनात. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

पण नीट पाहा, ही चढाओढ अंधारात जास्त वाढते. ॲलेगेनीनं २५० च्या जागी ५०० मोजले ते समोरच्यानं किती देऊ केले हे नुसतं कानावर आलं म्हणून. आकडा वहीवर असता, किती द्यायचे याची मर्यादा दोन्ही क्लबांनी मिळून ठरवली असती, तर किती बाहेरचे खेळवायचे हेही ठरवता आलं असतं. जो खर्च अस्तित्वातच नाही असं सगळे मानतात, त्याच्यावर बंधन घालणार कसं? बाहेरचे दोनच गडी, असा नियम आमच्या तालुक्यात दोनदा ठराव करून झाला. दोन्ही वेळा मोडला, कारण बाहेरचे कोण आणि कुणाला किती दिले, हे कुठल्याच मंडळाच्या कागदावर नव्हतं.

अमेरिकेतली कॉलेजं तर सव्वाशे वर्षं याच खोट्यात राहिली. कॉलेजच्या फुटबॉलवर अब्जावधी डॉलरांचे दूरचित्रवाणीचे करार झाले, प्रशिक्षकांना कोट्यवधी पगार मिळाले, आणि खेळणारी मुलं मात्र विद्यार्थी-खेळाडू म्हणून हौशी. २०२१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं ९–० अशा एकमतानं कॉलेज खेळांच्या संघटनेविरुद्ध निकाल दिला. त्याच वर्षी खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातींतून कमाई करायची मुभा मिळाली, आणि २०२५ च्या तडजोडीनंतर कॉलेजंच त्यांना थेट पैसे देऊ लागली. आभाळ कोसळलं नाही. स्टेडियम भरायची ती भरतातच.

आपल्याकडे कबड्डीच्या राष्ट्रीय संघटनेच्या नावात आजही "ॲमेच्युअर" हा शब्द आहे. २०१४ च्या पहिल्या प्रो कबड्डी लिलावात राकेशकुमारला सर्वाधिक १२ लाख ८० हजारांची बोली लागली. २०२३ मध्ये पवन सेहरावतवर २ कोटी ६० लाखांहून जास्त लागली. वरच्या मजल्यावर पैसा उघडा आहे आणि कुणाला त्याचं वावगं वाटत नाही, मलाही नाही. मधल्या मजल्यावर बँका, रेल्वे, पोलीस आणि मोठ्या कंपन्यांचे संघ आहेत, तिथे खेळाडूला नोकरी मिळते. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. किर्श्नर गुरुजींच्या पगारापेक्षा ही व्यवस्था कितीतरी सरळ आहे, कारण ती नियमात लिहिलेली आहे. अंधार आहे तो तळमजल्यावर. गावोगावच्या मैदानांवर, जिथे हजारो पोरं खेळतात.

दोन वर्षांपूर्वीची आमची उपांत्य फेरी मी कधी विसरणार नाही. रात्रीचे साडेदहा वाजले होते. मातीचं मैदान, पाणी मारून चोपलेलं, दिव्यांच्या उजेडात ओलसर चमकणारं. आमच्याकडून शेजारच्या तालुक्यातला एक तेवीस वर्षांचा मुलगा डाव्या कोपऱ्यात खेळत होता. एम.आय.डी.सी.त कंत्राटावर कामाला, रात्रपाळी बदलून आलेला. समोरच्यांचा चढाईपटू मध्यरेषेकडे वळला तसं यानं त्याचा घोटा धरला. मागून आमचेच दोघं अंगावर पडले. लोण चढला, गर्दीनं शिट्ट्या वाजवल्या, आणि हा उठेना. त्याच्या गुडघ्याला हात लावून मी बसलो होतो, तेव्हा तो एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता, "काका, सोमवारी ड्यूटी आहे." एका कार्यकर्त्याच्या गाडीतून त्याला तालुक्याला नेलं. लिगामेंट तुटलं होतं. शस्त्रक्रियेचा खर्च ऐकून त्याच्या वडिलांनी मांडीवरच्या टोपीकडे पाहत मान खाली घातली.

पुढच्या रविवारी मंडळाची बैठक झाली. मी म्हटलं, निदान निम्मा खर्च आपण उचलू. एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, "आपण कुठे त्याला बोलावून आणलं? तो हौसेनं आला होता." आणि मी गप्प बसलो. कारण वहीत त्याचं नाव नव्हतं. तीन हजारांचं पाकीट मीच त्याच्या हातात दिलं होतं आणि मीच ते किरकोळ खर्चात घातलं होतं. आम्ही त्याला खेळायला पैसे दिले होते हे सिद्ध करणारा एकही कागद माझ्याकडे नव्हता, आणि तो कागद नाहीसा करणारा मीच होतो. ज्येष्ठांना मी वाईट म्हणत नाही. त्यांनी आयुष्यभर स्वतःच्या खिशातून मंडळ चालवलं. ते जो शब्द वापरत होते तो शब्द त्यांना खरा वाटत होता. शब्दानंच आम्हाला सोडवून घेतलं. आम्ही काही जणांनी आपसांत वर्गणी काढली, थोडेफार दिले. त्याची कंत्राटी नोकरी तोवर गेली होती.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. जी स्पर्धा तिकीट लावते किंवा फ्लेक्सवर जाहिरातदाराचं नाव छापते, तिनं मैदानात उतरणाऱ्या प्रत्येक खेळाडूला काय दिलं हे नावानिशी लिहावं, आणि हिशेब सूचना फलकावर लावावा. शंभर रुपये दिले तर शंभर. काहीच दिलं नसेल तर शून्य लिहावं, तेही प्रामाणिक आहे. स्पर्धेपुरता अपघात विमा आधी काढावा आणि मगच नारळ फोडावा. मंडपाला आणि आवाजाच्या भिंतीला आपण जे मोजतो त्याच्या तुलनेत हा खर्च फार नाही. जिल्हा संघटनांनी मान्यता देताना हा एकच कागद मागितला तरी निम्मं काम होईल. यात खेळाडूही उघडा पडेल, मान्य आहे. एकाच रात्री दोन गावांकडून पाकिटं घेणारे गडी मला ठाऊक आहेत. त्यांनाही हिशेब द्यावा लागेल. आणि ज्या पोराला खरोखर पैसे नको आहेत, नुसती माती अंगाला लागावी म्हणून जो येतो, त्याची हौस कुणी हिरावून घेत नाही. त्याच्या गुडघ्याला मात्र इतरांइतकाच विमा हवा.

आमच्यातल्या काहींना भीती वाटते की लिहिलं तर आयकर येईल, धर्मादायचे प्रश्न येतील, वर्गणी देणारे विचारतील की आमच्या पैशातून बाहेरच्याला का दिलं. विचारू देत. वर्गणी देणाऱ्याला तो हक्क आहे. १८९२ च्या त्या खजिनदाराला तर संघटनेतून हकालपट्टीची भीती होती. तरी त्यानं नाव लिहिलं, रक्कम लिहिली, कशासाठी दिली तेही लिहिलं. क्लब संपला, शहराचं नाव नकाशावरून गेलं, तो कागद राहिला.

यंदाच्या स्पर्धा पौष महिन्यात आहेत. नवी वही मी आणली आहे आणि खर्चाच्या बाजूला खेळाडूंसाठी वेगळं पान आखलं आहे. नाव, गाव, रक्कम, सही असे चार रकाने. गेल्या आठवड्यात बैठकीत ते पान फिरवलं. कुणी काही बोललं नाही. मग त्याच ज्येष्ठ सभासदांनी वही पुढे ओढली, चष्मा लावला, बराच वेळ त्या रकान्यांकडे पाहिलं, आणि विचारलं, "त्या पोराचं नाव काय होतं रे? दोन वर्षांपूर्वीचं." मी सांगितलं. ते म्हणाले, "पहिली ओळ त्याची लिही."